फोटोखालची पट्टी

बोरसे मॅडमना किळस फार लवकर यायची आणि ती त्या लपवत नसत. कोणी हातावर शिंकले, तर तो हात पुढे कुठे कुठे लागतो ते त्या शेवटपर्यंत बघत. चहाच्या कपाचा कान रुमालाने धरत. संस्थेतला क्लार्क थुंकी लावून हजेरीपत्रकाची पाने उलटायचा. त्याला त्यांनी ओल्या स्पंजाची डबी आणून दिली. त्याने ती टाचण्या ठेवायला वापरली. तेव्हापासून त्या हजेरीपत्रक टेबलावर उघडे ठेवायला लावत आणि हात लांब करून, कागदाला तळवा न टेकवता सही करत.

अशा बाईंनी अकरा वर्षे माणसाच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंसोबत काढली.

मी तेव्हा एका दैनिकाच्या जळगाव आवृत्तीत शेती आणि शिक्षण या दोन विषयांच्या बातम्या करत होतो. संस्था गावाबाहेर, महामार्गालगत. खाली कार्यालय, वर दोन खोल्यांची प्रयोगशाळा. तिथे केळीवरच्या हरण्या रोगावर काम चालू असल्याचे कळले, म्हणून पहिल्यांदा गेलो. हा रोग विषाणूमुळे येतो. पानावर तुटक पिवळे पट्टे पडतात, पोंगा म्हणजे मधले गुंडाळलेले कोवळे पान सडते आणि झाड उपटण्यावाचून इलाज उरत नाही. रोप लहान असताना रोग डोळ्यांना दिसत नाही. तो रोपातच ओळखता यावा यासाठी तपासणी संच तयार करायचा होता.

मॅडमनी बोलण्याआधी माझ्यासमोर दोन काचेचे चंबू धरले. दोन्हींत गढूळ पिवळसर पाणी होते.

"वास घ्या."

पहिल्याला कोंदट, विष्ठेकडे झुकणारा वास होता. दुसऱ्याचा वास जरा गोडसर, खमीर आलेल्या पिठासारखा. पहिला चंबू मी लगेच बाजूला सारला.

"तो चांगला आहे," मॅडम म्हणाल्या. "आपल्या जिवाणूंचा वास असाच यायला पाहिजे. गोड येतोय ना, तो फेकायचा. त्यात बाहेरचं काहीतरी शिरलंय."

मग त्यांनी हात धुतले. कपडे धुवायचा पिवळा साबण, कोपरापर्यंत, तीनदा. तीनदा का, असे मी विचारले. पहिल्यांदा धुतल्यावर नळाची मूठ धुवावी लागते, कारण ती घाण हाताने उघडलेली असते. मूठ धुताना हात पुन्हा घाण होतात, म्हणून दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदाचे कारण त्यांनी सांगितले नाही.

त्या मूळच्या धुळ्याकडच्या. कार्यालयात प्रमाण मराठी बोलत, पण चिडल्या की अहिराणीवर येत. बेसिनमध्ये कोणी न धुतलेली नळी टाकली की "बठ्ठी घाण शे", सगळी घाण आहे, एवढे तीन शब्द जिन्यापर्यंत ऐकू येत. विद्यार्थी त्यांची हुबेहूब नक्कल करत. एकदा त्या दारात उभ्या असताना एकाने केली. त्यांनी ती पूर्ण होऊ दिली आणि म्हणाल्या, "शे नीट म्हण. जळगावचा वाटतोस."

कामाची पद्धत त्यांनी मला तीन-चार भेटींत समजावली. विषाणूला बाहेरून प्रथिनाचे कवच असते. ते एकाच प्रथिनाच्या अनेक नगांचे बनते. त्या प्रथिनाची कृती जिवाणूत घालायची, जिवाणू वाढवायचे, मग फोडायचे आणि प्रथिन वेगळे काढायचे. पाण्यातले क्षार आणि आंबटपणा नेमका ठेवला तर त्या नगांचे आपोआप पोकळ गोल कवच तयार होते. आत विषाणू नसतो, त्यामुळे रोगाची भीती नाही. बाहेरून रूप तेच. अशा कवचांच्या आधारे रोग ओळखणारा संच करता येतो.

"आपोआप म्हणजे?" मी विचारले होते.

"पंगत पाहिली ना? वाढपी ओरडतात, इकडं सरका, तिकडं बसा, तरी चार जण उभेच. इथं कोणी ओरडत नाही. जागा बरोबर असली की बसतात." थोडे थांबून त्यांनी पुढे जोडले, "अन् कोणी कोणाच्या ताटात हात घालत नाही."

पहिली काही वर्षे कवच बसलेच नाही. प्रथिन तयार व्हायचे, पण जिवाणूच्या आतच न विरघळणारे गोळे होऊन पडायचे. ते विरघळवायला युरिया वापरत. त्या दिवसांत रावेर भागातले भास्कर आबा प्रयोगशाळेत येत. त्यांची केळीची बाग एकदा हरण्याने पुरती गेली होती आणि मॅडमना रोगट पानांचे पहिले नमुने त्यांनीच आणून दिले होते. ओल्या फडक्यात गुंडाळलेली पाने घेऊन ते एस.टी.ने यायचे. मॅडम पाने चिमट्याने घेत, आबांना हात धुवायला लावत, मगच बसवत. आबा मुकाट्याने तीनदा हात धूत. शेल्फवरची युरियाची बरणी पाहून ते एकदा म्हणाले, "तुमचं बी युरियावरच चालते का मॅडम? मंग आमच्यात अन् तुमच्यात फरक काय राह्यला?"

मॅडम हसल्या. त्यांना हसताना मी तेवढे एकदाच पाहिले.

आबांचे नंतर दर भेटीत एकच विचारणे असे: रोप तपासून कधी मिळेल. एक बाग गेल्यापासून त्यांनी कापूस लावला होता. केळी पुन्हा लावायची होती, पण तपासलेल्या रोपांचीच. मॅडमचे उत्तरही ठरलेले असे. गोल झाले की सांगते.

संस्थेचे संचालक होते, त्यांना सगळे नाना म्हणत. नाना संशोधक म्हणून आले होते, पण माझ्या पाहण्यात त्यांनी प्रयोगशाळेत पाहुण्यांना फिरवण्यापलीकडे काही केले नाही. त्यांना गाडीच्या किल्लीने कान कोरायची सवय होती. बोलताना किल्ली कानात असे, मुद्दा संपला की ती बाहेर येई, ते टोकाकडे बघत आणि पँटला पुसत. त्याच हाताने पाहुण्यांना काचेच्या नळ्या उचलून दाखवत. नाना वर येऊन गेले की मॅडम त्यांनी हात लावलेल्या सगळ्या नळ्या वेगळ्या काढून ठेवत. त्या नळ्यांचा एक स्वतंत्र ट्रे होता. त्यावर नाव लिहिलेले नव्हते, लागतही नव्हते.

नंतर मॅडमनी पद्धत बदलली. जिवाणू थंडाव्यात, सावकाश वाढवले तर प्रथिनाचे गोळे कमी होतात आणि युरियाची गरज पडत नाही, असे त्यांच्या लक्षात आले. जळगावच्या मार्चमध्ये थंडावा राखणे सोपे नव्हते. वीज गेली की त्या चंबू बर्फाच्या पेटीत ठेवत आणि पेटीजवळ बसून राहत. त्यातून निघालेला नमुना थर्माकोलच्या डब्यात घालून ट्रॅव्हल्सच्या गाडीने पुण्याला गेला, कारण एवढे बारीक दाखवणारे सूक्ष्मदर्शक खानदेशात नव्हते.

फोटो आला तो शेतकरी मेळाव्याच्या दिवशी सकाळी. तो नानांच्या ईमेलवर आला. अशा फोटोंना तळाशी एक काळी पट्टी असते. तिच्यावर फोटो काढणाऱ्या संस्थेचे नाव, किती पट मोठा केला तो आकडा आणि मापाची एक छोटी पांढरी रेघ असते. ती रेघ किती नॅनोमीटरची, हेही लिहिलेले असते. आपल्या बातमीत दुसऱ्या संस्थेचे नाव कशाला, म्हणून नानांनी मोबाइलवर ती पट्टी कापली आणि उरलेला फोटो मॅडमना आणि मला व्हॉट्सअॅपवर पाठवला. कापण्यामागचे हे कारण त्यांनी मला त्याच दिवशी अभिमानाने सांगितले. मलाही त्यात वावगे वाटले नाही. वर्तमानपत्रात आम्हीही हेच करतो.

मॅडम मंडपात होत्या. त्यांच्या हातात ओला पुष्पगुच्छ होता, तो त्यांनी अंगापासून लांब धरला होता. नानांनी त्यांच्या तोंडासमोर आपला मोबाइल धरला. पडद्यावर राखाडी रंगात दीड-दोनशे पांढरी कडी दिसत होती.

"झाले ना गोल?" नाना म्हणाले.

मॅडमनी पाहिले. ध्वनिक्षेपकावर त्यांचे नाव पुकारले जात होते.

"गोल आहेत," त्या म्हणाल्या. "सारखे आहेत."

मी ही दोन्ही वाक्ये वहीत लिहून घेतली. दुसऱ्या दिवशी जळगाव आवृत्तीच्या तिसऱ्या पानावर चार कॉलमी बातमी आली. केळीच्या विषाणूचे कवच जळगावात तयार, तपासणी संचाचा मार्ग मोकळा. सोबत फोटो आणि खाली 'छायाचित्र : संस्थेच्या सौजन्याने'. फोटोतल्या गोष्टीचा आकार किती, हा प्रश्न मी विचारला नव्हता. उपसंपादकानेही मला विचारला नाही.

पंधरा दिवसांनी पुण्याहून मूळ फोटोची छापील प्रत टपालाने आली. ती मॅडमच्या नावाने आली होती. त्यांनी स्टीलची मोजपट्टी घेतली आणि खालच्या पांढऱ्या रेघेवरून एकेक कडे मोजले. केळीच्या त्या विषाणूचे कवच तीस नॅनोमीटरच्या आसपास असते. फोटोतली कडी चौदा-पंधराची होती. निम्मी.

ते काय होते, हेही त्यांना लगेच समजले. जिवाणूचे स्वतःचे एक प्रथिन असते, ते इतर प्रथिनांना घडी घालायला मदत करते. त्याचेही गोल कडे होते. थंडाव्यात सावकाश वाढवलेल्या जिवाणूंतून तेच मुबलक निघाले होते आणि विषाणूच्या प्रथिनाला चिकटून वर आले होते. वास बरोबर होता, रंग बरोबर होता, आकारही गोल. फक्त ते कवच नव्हते.

हे त्यांनी मला फोनवर सांगितले. माप, कारण, चूक, सगळे क्रमाने. शेवटी आवाज न चढवता म्हणाल्या, "मी मोजंच नही."

त्या आधी नानांकडे गेल्या होत्या. नानांनी ऐकून घेतले. मग किल्ली कानातून काढली, टोकाकडे पाहिले आणि म्हणाले, "मॅडम, गोल ते गोल. शेतकरी काय पट्टी घेऊन मोजायला येणार आहे?"

मॅडमना घाई होती, त्याला कारण होते. रोपे विकणाऱ्या एका खासगी कंपनीने आमच्या बातमीचे कात्रण लॅमिनेट करून आपल्या विक्री केंद्रात लावले होते. शेजारी फलक होता : जळगावी तंत्राने तपासलेली रोपे. तपासणी संच अजून अस्तित्वातच नव्हता. त्या रोपांची जी काही तपासणी झाली होती, ती एवढीच, की त्यांच्या मागच्या भिंतीवर आमची बातमी होती. आणि लागवडीला दोन महिने उरले होते.

मे महिन्यात, भर दुपारी, मॅडम आमच्या कार्यालयात आल्या. मूळ फोटो, मोजमापांचा कागद आणि स्वतःच्या सहीचे पत्र त्यांनी संपादकांपुढे ठेवले. तीन ओळींचा खुलासा हवा होता. फोटोतली कडी विषाणूच्या कवचाची नाहीत. तपासणी संच तयार झालेला नाही. चूक सुनंदा बोरसे यांची आहे.

संपादक सभ्यपणे म्हणाले, "बातमी संस्थेची होती. खुलासाही संस्थेकडून यायला हवा. संचालकांचं पत्र आणा, उद्या छापतो."

"चूक माझी आहे. पत्र माझं आहे."

"तुम्ही म्हणजे संस्था नाही ना, मॅडम."

त्यांच्यासाठी चहा आला होता. कपाच्या बशीत चहा सांडला होता आणि त्यात एक माशी होती. मॅडमनी कपाला हात लावला नाही. त्या उठेपर्यंत चहावर साय धरली. जाताना त्यांनी माझ्याकडे पाहिले. मी त्या तीन ओळी टाइप करून यादीत टाकल्या. त्या दोन दिवस शिलकीत, म्हणजे छापायच्या राहिलेल्या मजकुरात राहिल्या, मग यादीतून निघाल्या. मी त्या पुन्हा टाकल्या नाहीत. नाना आमच्या पानाला दर आठवड्याला दोन बातम्या देत असत. याखेरीज सांगण्यासारखे कारण माझ्याकडे नाही.

आठवड्याने त्या भास्कर आबांकडे गेल्या. मला त्याच भागात उष्म्याने होरपळलेल्या बागांची बातमी करायची होती, म्हणून कार्यालयाच्या गाडीतून मीच त्यांना नेले. आबांनी केळीसाठी रान तयार केले होते. जांभळाच्या सावलीत रोपांचे ट्रे मांडलेले होते. मॅडमनी उभ्याउभ्याच सांगितले. रोपे तपासलेली नाहीत. फोटो चुकीचा. लावू नका.

आबा रोपांच्या ट्रेजवळ उकिडवे बसले.

"पेपरात फोटो पाह्यला तुमचा," ते म्हणाले. "त्याच्यावरच तं घेतली. मंग आता खोटं कोन, पेपर का तुम्ही?"

"मी," मॅडम म्हणाल्या.

आबा मग माझ्याकडे वळले. पेपरवाले तुम्हीच ना, असे विचारले. मी हो म्हटले. मॅडम म्हणतात ते छापून येईल का, असे त्यांनी विचारले. मी प्रयत्न चालू असल्याचे सांगितले. त्या वेळी कोणताही प्रयत्न चालू नव्हता.

छापून आले तर रोपे परत करीन, असे आबा म्हणाले. कात्रण दाखवल्याशिवाय कंपनी परत घेणार नाही. त्यांनी महिनाभर वाट पाहिली. मग पाऊस आला आणि त्यांनी लागवड केली.

ऑगस्टच्या अखेरीस पानांवर तुटक पिवळे पट्टे दिसू लागले. मॅडमनी संस्थेत रजेचा अर्ज टाकला आणि त्या तिकडे गेल्या. मीही गेलो. जे पाहिले ते नोंदवतो. सडलेल्या पोंग्याला असह्य वास होता, आत बोट घातले की तपकिरी लगदा बाहेर येई. कपाचा कान रुमालाने धरणाऱ्या बोरसे मॅडम सकाळी आठपासून उघड्या हातांनी झाडे उपटत होत्या. केळीचा चीक मनगटावरून ओघळून कोपराशी काळा पडत होता. आबांच्या घरची माणसे खड्डा खणत होती. दुपारी आबांनी पाण्याची बादली आणि साबण आणून ठेवला. मॅडमनी बादलीकडे पाहिले नाही. शेवटची ओळ संपेपर्यंत त्यांनी हात धुतले नाहीत.

रोग रोपांतूनच आला का, हे मी आबांसमोर विचारले. मला बातमीसाठी वाक्य हवे होते.

"सांगता येणार नाही," त्या म्हणाल्या. "मावा किडीनं बाहेरूनही आणला असेल. रोपं तपासलीच नव्हती, मग कसं सांगणार?"

आबा म्हणाले, "म्हंजे कोनाचाच दोष नाही निघनार."

ते वाक्य मी लिहून घेतले, पण बातमी झाली नाही. कंपनीने हवामानाला दोष दिला. मॅडमनी त्या महिन्याच्या शेवटी राजीनामा दिला. कार्यालय आवरताना त्यांनी तो नाव नसलेला ट्रे धुऊन, पुसून, जागेवर ठेवला. नाना निवृत्त झाले तेव्हा सत्काराच्या भिंतीवर त्या कड्यांचा फोटो मोठा करून लावला होता. तळाची पट्टी त्यातही नव्हती.

यानंतर चार वर्षांनी माझी धुळे आवृत्तीत बदली झाली. तिथे पानाची जबाबदारी माझ्याकडे होती आणि कोणाला विचारावे लागत नव्हते. पहिल्याच आठवड्यात मी त्या तीन ओळी छापल्या. सातव्या पानावर, खाली डावीकडे, 'खुलासा' अशा मथळ्याने. चूक कोणाची, या तिसऱ्या ओळीत मॅडमच्या नावापुढे मी वर्तमानपत्राचे नावही घातले.

मॅडम धुळ्यातच एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होत्या. कात्रण घेऊन गेलो तेव्हा त्या प्रयोगवह्या तपासत होत्या. केस बरेच पांढरे झाले होते. एका मुलीने पॅरामिशियमची सुरेख आकृती काढली होती. मॅडमनी तिच्यावर लाल फुली मारली आणि शेजारी लिहिले : माप कुठे?

मी कात्रण पुढे केले. त्यांनी ते कोपऱ्यात दोन बोटांनी धरले आणि दोनदा वाचले. चेहऱ्यावर काही फरक पडला नाही. मला वाटते, क्षणभर त्यांचा खांदा जरा सैल झाला. मग त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली. मागे साक्रीच्या बाजारभावांची अर्धी चौकट होती.

"कोणत्या आवृत्तीत आलं हे?"

"धुळे," मी म्हणालो.

"बातमी कोणत्या आवृत्तीत होती?"

"जळगाव." त्यांना ते माहीत होते.

"आबांकडे धुळ्याचा पेपर जातो का?"

"नाही."

त्यांनी कात्रण टेबलावर, माझ्या बाजूला सरकवले. वह्या एकावर एक नीट लावल्या. खोलीच्या कोपऱ्यात बेसिन होते, तिथे गेल्या. पिवळा साबण तोच होता. बाह्या कोपरापर्यंत सारून त्यांनी नळ उघडला, हात धुतले, मग नळाची मूठ धुतली. कात्रण खिशात घालून मी दारापर्यंत आलो. पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हा त्या दुसऱ्यांदा साबण लावत होत्या.